बारशाआधी गेलेला

घराण्याची वंशावळ करायचं खूळ माझ्या मागे लागलं ते धाकट्या चुलतभावामुळे. त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता टाकला. पुरुषांची नावं वरून खाली ऐटीत उतरत आलेली, बायका कंसात, आणि काही कंस तर रिकामेच. मी तिथल्या तिथे सुनावलं की या कंसातल्या बायकांनीच तुम्हाला जन्माला घातलंय, जरा लाज बाळगा.  दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "मग तूच कर ना, ताई." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

केलं मग. आमच्या धारगळच्या घरी दर मे महिन्यात माझी आत्या येते. वडिलांची थोरली बहीण, ऐंशी कधीच ओलांडलेली, दिली होती डिचोली तालुक्यात. नवरा गेल्यापासून मुलाकडे म्हापशाच्या फ्लॅटमध्ये असते, पण महिनाभर माहेर तिला लागतंच. तिला समोर बसवून मी वही उघडली आणि एक सोपा प्रश्न विचारला, मुलं किती? खरं तर विचारायची गरजच नव्हती. एक मुलगा, एक मुलगी, दोघांनाही मी ओळखते.

"तीन," आत्या म्हणाली.

"दोन गो, आत्ये."

"जल्माक घातली तीं मोजूची न्हय? मगे तीन."

पहिला मुलगा होता. गोवा मुक्त व्हायच्या आदल्या पावसाळ्यात झाला आणि बारशाआधीच गेला. बारशासाठी माझ्या आजीने धारगळहून चांदीच्या बिंदल्या करून पाठवल्या, त्या पोचल्या तेव्हा घालायला मनगटंच नव्हती. आत्याने त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून काढून मला दाखवल्या. इतकी वर्षं त्या डब्यात होत्या आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.  आत्या कोरड्या डोळ्यांनी सांगत होती.

"खंय पुरलो तां माका कोणी सांगूक नाय. घोवाक एकदा इचारलंय, तर म्हणालो, विसर तां. विसरतलंय कशी? एकदा थंय जावन वायच दूद ओतूक व्हयां गो. मगे माझे डोळे मिटले तरी चलात."

मला राग आला. आत्याच्या नवऱ्याचा आला, जो आता राग घ्यायलाही उरलेला नाही, आणि त्या रीतीचाही आला. जागा आईला सांगायची नाही, नाहीतर तिचा जीव तिथेच घुटमळतो आणि पुढचं मूल धरत नाही, म्हणे. मूल कुशीतून उचलून मातीत नेणार, आणि जिच्या पोटातलं तिलाच पत्ता नाही! मी वंशावळ बाजूला ठेवली. म्हटलं, आधी हे शोधू.

आधी गेले डिचोलीच्या नोंदणी कचेरीत. पोर्तुगीज आमदानीतल्या जाडजूड वह्यांशी माझी एव्हाना थोडी ओळख झाली होती. आमचं आडनाव त्यांत पाच तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलंय, पैकी एक वाचून तर आम्ही इटलीहून आलो असं वाटावं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मुलाचं नाव?"

"नाव नाही."

"नाव नाही तर शोधायचं काय?"

त्यांचंही बरोबरच होतं. तरी बिचाऱ्यांनी बापाच्या नावावरून त्या पावसाळ्याची पानं पालथी घातली. काही सापडलं नाही. मला आश्चर्यही वाटलं नाही. बारसं झाल्याशिवाय नोंद करायला कोण जाणार? आणि जन्मच नोंदला नाही तर मरण कुठून लिहिणार? सरकारच्या लेखी आत्याला दोनच मुलं.

माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे पेडण्याची. तिला आपला पणजोबासुद्धा कुठे आहे हे पावलं मोजून सांगता येतं. मृतांच्या दिवशी सगळं घर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन तिथे जातं, थडगी धुतं, गप्पा मारतं. मला तिचा हेवा वाटतो. आम्ही जाळतो, राख पाण्यात सोडतो, हात धुऊन मोकळे. पण तान्ह्या पोरांना आम्हीही पुरतो. म्हणजे आमचीही माणसं मातीत आहेत, फक्त त्यांच्यावर दगड नाही, नाव नाही, आणि बायकांनी तिकडे फिरकायचं नाही.

मी फिरकले. आत्याच्या सासरच्या गावी एकटीच गाडी घेऊन गेले. स्मशान व्हाळापलीकडे, एवढं आत्याकडून कळलं होतं. व्हाळ म्हणजे ओहोळ, तो मे महिन्यात कोरडा ठणठणीत, चपला हातात न घेताही ओलांडता आला. पलीकडे चितेची शेड, आणि शेडच्या मागे थेट डोंगर. देवाने केलेला नव्हे, खाणवाल्यांनी. लाल मातीचा ढीग, त्यावर आता रान माजलेलं. गुरं राखणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, तान्ही पोरं कुठे पुरायचे? तिने त्या ढिगाच्या पोटाकडे बोट केलं.

मी तिथेच एका दगडावर बसले. आता आत्याला जाऊन काय सांगू? तुझा मुलगा खाणीच्या मातीखाली आहे, दूध ओतायला तीन माड उंच चढावं लागेल? खोटं बोलायचं मी जवळजवळ ठरवलं. एखादी बरी जागा बघायची, एखादं झाड, आणि म्हणायचं, इथे. आत्याला काय कळणार होतं? पण आत्याशी खोटं बोलणं मला लहानपणीसुद्धा कधी जमलं नाही.

गावात आलेच होते म्हणून आत्याच्या दिराला भेटायला गेले. तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, आता तोच त्या घरचा कर्ता. कानाने मंद, जिभेने तिखट. च्या आणि गोल उंडो पाव समोर ठेवून त्याने माझी चौकशी केली. मी कशासाठी आले आणि व्हाळापलीकडे काय पाहिलं ते जरा मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

"थंय?" तो म्हणाला. "थंय ना गो. थंय कसो व्हरतलो? व्हाळाक हुंवार आयिल्लो, पलतडी वचूंक जायना आशिल्लें. बापायन आनी हांवें हांगाच पुरलो, कुळागरांत. फाटल्या गडग्याकडेन भिरंड आसा न्हय, तिच्या मुळांत."

म्हणजे पुरामुळे ओहोळ ओलांडता आला नाही, म्हणून घरच्याच बागायतीत, मागच्या कुंपणाजवळच्या रातांब्याच्या झाडाखाली. उंडो माझ्या हातातच राहिला.

"मग आत्याला सांगितलं का नाही इतकी वर्षं?"

"कोणें विचारलेंच ना," तो म्हणाला, आणि उंडो मऊ आहे ना म्हणून मलाच विचारलं. आत्याने एकदा ज्याला विचारलं त्याने सांगितलं नाही, आणि ज्याने सांगितलं असतं त्याला कुणी विचारलं नाही. भावजयीने दिराला असलं विचारायची पद्धतच नव्हती. मला हसावं की भांडावं कळेना, पण इतका आनंद झाला होता की मी उठून त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन गेले. वाटेत सगळं सांगितलं होतं, पण झाड कुठलं ते सांगितलं नव्हतं. कुळागरात, एवढंच. ते दिरानेच दाखवावं म्हणून. एका छोट्या बाटलीत दूध घेतलं होतं. दीर काठी टेकत पुढे, मागे आत्या माझ्या दंडाला धरून, पोफळींमधून हळूहळू. रातांबे पिकून खाली लाल सडा पडला होता. दिराने काठीने मूळ दाखवलं.

आत्या बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "ही?"

"ही."

 मी बाटलीचं झाकण उघडून ती पुढे केली. तिने ती हाताने बाजूला सारली.

"पोर गेलो, पण दूद थांबना होतां माझां," ती म्हणाली. "सुयणीन सांगल्यान, पायाखाली पडूक देव नको, झाडामुळात पिळ. दारात पाच माड होते गो. पण सासू म्हणाली, थंय नाय, भिरंडीमुळात. रोज. पावस, चिखल, माका धड उबी रवाक येयना. ती माका हाताक धरून हाडी आणि डोक्यार इरलां धरून उबी रवी, तोंड पलीकडे करून. माका वाटलां, किळस येता तिका माझी."

दीर खाली बघत होता. त्याला ऐकू गेलं असावं. म्हणजे सासूला जागा ठाऊक होती. त्या बाईला सांगायची मनाई होती, सून असताना तिनेही ती पाळली असेल, सासू होऊनही पाळली. तिने तोंड उघडलं नाही. नुसती सुनेला इथवर आणत राहिली.

"म्हणजे पावलां त्याका," आत्या म्हणाली. "तेन्नाच पावलां. माझांच दूद पावलां."

आणि ती रडायला लागली. मुलाबद्दल सांगताना जे डोळे कोरडे होते, ते आता खळेनात. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, रड हो, इतकी वर्षं साचलंय त्याचं. तिने मान हलवली.

"त्याचां नाय गो," ती म्हणाली. "म्हातारी मेली तेन्ना माझ्या डोळ्यात एक टीप येवक नाय. सगळ्या गावाक सांगत फिरलंय, माझी सासू दगडाची."