काय बिघडवलं तेही सांगा

शालूची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यातली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "दादा, वरचे डबे तेवढे पाहजो. कपडा ओला ठेवजो त्यांच्यावर." मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो, तसं...

शालू माझी धाकटी बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि बेसा भागातल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहायला आली. तिथं बाईनं काय मांडावं, तर बुरशी! डब्यांत ज्वारीच्या दाण्यांवर पांढरी बुरशी वाढवायची, ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, भुशात कालवायची आणि साच्यात घालून थर्माकोलच्या जागी चालेल असं खोकं बनवायचं. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात उभी हयात राख खाल्लेला माणूस, मला घरात धुळीचा कण खपत नाही. त्यावरून आमचे रोज खटके उडत. तिची बुरशी मात्र इथल्या मे महिन्यातही तग धरायची. मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीचा माणूस ती विकत घ्यायला आला, तर हिनं त्याला एक डबा फुकट दिला आणि सांगितलं की मागेल त्याला देते, तशी तुम्हालाही. मी कपाळाला हात लावला. काहून वं असं, म्हणून विचारलं, तर म्हणे, "विरजणाले कोणी कुलूप लावते का, दादा?"

रविवारी तिच्या खोलीत असेच संशोधन करणारे जमत. नवा माणूस आला की सगळ्यांनी आपली ओळख करून द्यायची, आणि शालूचा नियम असा की नाव सांगा, काय करता ते सांगा आणि काय बिघडवलं तेही सांगा. खालून मला हसणं ऐकू यायचं. रिकामटेकडे लेकाचे, असं मी पुटपुटत असे.

ती गेली. सुतक फिटलं तसं घर धुवायला काढलं. वरची खोली मी स्वतः फिनाईलनं धुतली, डब्यांतली घाण कचऱ्यात टाकली, डबे घासून गच्चीवर पालथे घातले. बरं वाटलं मला...

पुढच्या रविवारी ती माणसं भेटायला आली. मी नवा, म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे ओळखी सुरू केल्या. प्रज्ञा नावाची मुलगी म्हणाली, ती याच बुरशीपासून रोपांच्या कुंड्या बनवते, आणि या उन्हाळ्यात कपडा ओला ठेवायचं राहिलं, तिची सगळी बुरशी मेली. आसिफ कॉलेजात शिकवतो. त्याच्या डब्यांत हिरवी बुरशी शिरली. दोघंही शालूचं बी, म्हणजे बुरशी धरलेले दाणे, पुन्हा न्यायला आले होते. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी नाव सांगितलं, शालूचा भाऊ म्हणून सांगितलं. मग म्हणालो, "मी डबे धुतले. सगळे."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. प्रज्ञानं उठून मला पाणी दिलं आणि म्हणाली, "होते असं, काका. ताईंनी पुष्कळांले दिलं आहे. विचारून पाहू."

त्यांनी फोनवर सगळ्यांना विचारलं. एकेकाचं नाही, नाही असं येत राहिलं आणि मी खालमानेनं बसून राहिलो. अखेर गोंदियाच्या एका माणसाकडे निघालं. त्यानं शालूला कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं मागितलं होतं आणि हिनं पाठवलं होतं. एसटीच्या पार्सलनं स्टीलचा डबा आला. आत ज्वारीचे दाणे, पांढरे, जिवंत.

तो डबा आता वरच्या खोलीत आहे. त्यातून प्रज्ञानं नेलं, आसिफनं नेलं, कोण कोण येऊन मागतात, मी देतो. नवा माणूस आला की नियमाप्रमाणे मीही ओळख करून देतो, आणि तिसरं उत्तर दर वेळी तेच असतं. रोज सकाळी चहाच्या आधी कपडा ओला करून डब्यावर घालतो. हो म्हटलं होतं मी तिला.