कॉफीच्या डब्याची सावली

“डब्बा अंकल नाहीत, मग या वेळी सावली जाणार नाही का?”

खालच्या मजल्यावरची सात वर्षांची कयल जिन्यात आईला तमिळमध्ये विचारत होती. आई दबक्या आवाजात म्हणाली, “श्श, अक्का वर आहे.” अक्का म्हणजे मी, आणि डब्बा अंकल म्हणजे माझे बाबा. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. वेलचेरीच्या आमच्या इमारतीत सगळे भेटून गेले होते, पण त्यांच्याबद्दल इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बँकेच्या बदलीने बाबा सोलापूरहून चेन्नईला आले तेव्हा मी कयलएवढीच होते. आमच्या घरी मोजण्याआधी अंदाज सांगावा लागे. कलिंगडाच्या फोडीत बिया किती, फिल्टरमधून कॉफी उतरायला मिनिटं किती... “आधी खाऊ तर द्या तिला,” आई म्हणायची, आणि स्वतःच पहिला आकडा सांगून मोकळी व्हायची. सगळे अंदाज बाबा एका वहीत नावापुढे लिहीत. चुकलेला अंदाज त्यांना जास्त आवडे. का चुकला यावर ते जेवण होईपर्यंत बोलत.

मी मात्र सांगत नसे. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी घरात येऊन वेगळी कशी होणार? बाबा एकदाच म्हणाले होते, “मनात ठेवलेला अंदाज कधी चुकत नाही गं. म्हणून तर त्याचा उपयोग नाही.” मला ते लागलं, आणि मी आणखीच गप्प झाले.

चेन्नईत वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि ऑगस्टात, सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. यंदाच्या एप्रिलमध्ये बाबांनी कॉफी पावडरचा उभट स्टीलचा डबा रिकामा करून गच्चीवर ठेवला. इमारतीतली मुलं जमली, बाबांच्या मोडक्या तमिळला हसली. बाबा खुर्चीत बसून होते, बोलताना धाप लागत होती. सावली केव्हा जाईल? सगळे म्हणाले, बारा वाजता. गेली ती बारा वाजून सात मिनिटांनी. मुलं थक्क झाली. मग बाबांनी वहीचं नवं पान काढलं. ऑगस्टात केव्हा जाईल? बहुतेकांनी आकडे सांगितले. शेवटी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तू?”

मी हसून नकारार्थी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही. जुलैत ते गेले.

ते पान मी नंतर पाहिलं. माझंही नाव होतं. पुढे रेघ मारली नव्हती. जागा सोडली होती.

गेल्या रविवारी, सावली जायच्या दिवशी, मी डबा घेऊन कयलला गच्चीवर नेलं. पावडर काढली तरी त्याला कॉफीचा वास होता. “बारा वाजून सात,” मी म्हणाले. बारा सातला डब्याच्या बुडाशी नखाएवढी सावली तशीच होती. आम्ही उन्हात उभ्या राहिलो. ती गेली बारा वाजून तेरा मिनिटांनी. का, ते समजावायला आता खुर्चीत कुणी नव्हतं.

“अक्का, तुझं चुकलं,” कयल हळूच म्हणाली.

मी वही तिच्यापुढे धरली.

“हो, चुकलं. माझ्या नावापुढे लिही.”