पाटावरची बॅटरी

भुताखेतांच्या गोष्टी मी फक्त नातवंडांना जेवू घालताना सांगते, आणि त्यातली एकही खरी नसते. स्वतःच्या बाबतीत घडलेली ही एकच... आणि ती चक्क यूपीएसची आहे!

युसूफ वडगाव, केज तालुका. नव्वदीचं दशक संपत आलेलं. पुढं सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, किराणा दुकान. मागच्या खोलीत माझं कॉम्प्युटर सेंटर. तीन कॉम्प्युटर केबलनं एका सर्व्हरला जोडलेले, सगळं काम त्या एकाच डब्यात. काम चालू असताना लाईट गेली की फाईल खलास. म्हणून मी हट्टानं यूपीएस आणला, सोबत ट्रकला शोभेल अशी बॅटरी. "एवढं धूड कावून आनलं?" अण्णांनी विचारलं. "का ते लाईट गेल्यावर कळेल," मी म्हणाले. तेव्हा मी इतकी शहाणी होते, की फ्लॉपीवर कॉपी ठेवणं मला भित्र्यांचं काम वाटायचं.

त्या दसऱ्याला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. घरोघर फिरून जमवलेली सगळी स्थळं सर्व्हरमध्ये. दुसरी प्रत नाही. सकाळी छापील यादी द्यायचा शब्द मी चारचौघांत दिलेला.

आदल्या दिवशी खंडेनवमी. अण्णांनी तराजू धुऊन पाटावर मांडला. "तुजं बी हत्यार आन की." मी आणि ह्यांनी बॅटरी सोडवून नेली, हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं झोकात. "आता दसऱ्यापर्यंत कामाला हात लावू नगं," अण्णांनी बजावलं. पण मी मॉडर्न ना! दुपारी प्रिंट सुरू केली. बॅटरी पाटावरच राहिली हे साफ विसरले.

निम्मी यादी झाली आणि लाईट गेली. पंखा थांबला, दुकानातला रेडिओ बंद. प्रिंटर मात्र कर्र-कर्र चालूच!

"अण्णा, गाव बंद, माझं चालू! कावून आणलं धूड, कळलं का?"

"लई भारी. पन सूनबाई, तुजी बॅटरी तर हितं माळ घालून बसलीय..."

धावत गेले. खरंच बसली होती. तेव्हा लक्षात आलं — बॅटरीवर गेला की टीं-टीं करणारा यूपीएस आज गप्प होता. फाईल जायच्या आत सर्व्हर नीट बंद करायला मी झेपावले, तर अण्णांनी दारातच अडवलं. "सकाळी हात लावू नगं म्हन्लं, ऐकलं न्हाईस. आता तरी लावू नगं!"

मग काय, मॉडर्न बाई हात जोडून उभी. अर्धा तास!

शेवटचं पान बाहेर आलं आणि स्क्रीन काळा झाला. संध्याकाळी लाईट आल्यावर सर्व्हर उघडला. एकही नाव गेलं नव्हतं. सकाळी यादी मेळाव्यात.

यूपीएस तपासायला आलेला अंबाजोगाईचा इंजिनिअर म्हणाला, बॅटरीशिवाय यूपीएसमध्ये उरलेला करंट पापणी लवेपर्यंतच पुरतो. अर्ध्या तासाचं विचारलं, तर त्यानं चहा बाजूला ठेवून यूपीएस पुन्हा उघडला.

आता घरी फोटो साठवायचा छोटा सर्व्हर आहे, त्याचा यूपीएसही मीच निवडला. खंडेनवमीला फूल वाहते — बॅटरी जागेवरच ठेवून. आणि कॉपी? तीन.

त्या दुपारी काय चालवत होतं, मला आजही माहीत नाही. पण जे काही होतं, ते माझ्या सेंटरमध्ये कामाला होतं, हे लिहून घ्या.