बार रूममधली पूर्व दिशा

चारही दिशांना तोंड करून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम आयुष्यभर पाळलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माणूस वकील आहे. आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बांधाचा वाद त्यांच्याकडे होता. होता म्हणायचं एवढंच, कारण तो कोर्टात कधी गेलाच नाही. त्या वकिलांनी आबांना आणि आमच्या भाऊबंदांना भर उन्हात त्या बांधावरून तीन फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला दोन्हीकडचे धापा टाकत एकाच आंब्याखाली बसले, एकाच तांब्यातलं पाणी प्याले आणि वाद तिथेच मिटला. तेव्हापासून आमच्या घरात ते वकीलकाका झाले. घरात कुणी वकील नव्हता, आणि कॉलेजात गेलेलंही कुणी नव्हतं. त्यामुळे मी लॉ कॉलेजला प्रवेश घेतला, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तूपण आता लोकांना बांधावरून फिरवणार?"

दुसऱ्या वर्षी कॉलेजने सांगितलं, कुठल्यातरी वकिलाकडे काम शिका आणि प्रमाणपत्र आणा. वर्गातल्या बाकीच्यांचे काका-मामा पुण्यात वकील होते. मला एकच काका ठाऊक होते. मी घोरावाडी स्टेशनवर लोकल गाडीत बसायची, ती कॉलेजचे दिवस सोडून पुण्याऐवजी उलट दिशेला, तालुक्याच्या कोर्टाकडे निघू लागले. पहिल्या दिवशी बार रूमच्या दारात उभी राहून आत जाऊ की नको असा विचार करत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "ए कॉलेज! दारातनं बाजूला व्हय. ऊन अडतंय." तेव्हापासून माझं नाव कॉलेजच.

ते ऊन महत्त्वाचं होतं, हे मला नंतर कळलं. जुन्या बार रूमचं दार पूर्वेला होतं. सकाळी त्या दारातून ऊन यायचं आणि बरोबर काकांच्या टेबलावर पडायचं. काका तिथे जवळजवळ चाळीस वर्षं बसत होते. अंगावर काळा कोट, गळ्यात वकिलांची पांढरी पट्टी आणि पायांत चिखलाने माखलेले कॅनव्हासचे बूट. कोटाच्या एका खिशात सुतळीचा गुंडा असायचा आणि दुसऱ्यात चिक्की, पक्षकारांच्या लहान मुलांसाठी. जमिनीचा कुठलाही कागद आला की त्यात चतुःसीमा असतात, म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, असं चारही बाजूंचं वर्णन. ते काका कधीही बसून वाचत नसत. उभे राहत. 'पूर्वेस ओढा' म्हणताना दाराकडे तोंड करत, 'दक्षिणेस गट नंबर अमुक' म्हणताना पाण्याच्या माठाकडे वळत, 'पश्चिमेस' म्हणताना कॅलेंडरकडे. नवे वकील टेबलामागून हळूच मोबाईलवर त्यांचं शूटिंग करायचे. काकांना ते माहीत होतं. "काढा, काढा," ते म्हणायचे. "तुमच्या मोबाईलला बी जरा दिशा कळंल."

त्यांचे बाकीचे नियमही याच जातीचे होते. जमीन पायांखालून गेल्याशिवाय दावा लिहायचा नाही. 'बांध आधी, चहा मागनं' म्हणून पक्षकाराच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. काम बंद आंदोलनाच्या दिवशी संघटनेचा ठराव मोडायचा नाही, म्हणून ते कोर्टात पाऊल ठेवत नसत. पण बाहेरच्या चिंचेखाली बसून दिवसभर लोकांचे कागद वाचून देत, कारण ठरावात चिंचेचा उल्लेख नव्हता. आणि बार असोसिएशनच्या निवडणुकीत त्यांचं मत मिळवणं म्हणजे मोठीच परीक्षा होती. कुणी पार्किंगचं आश्वासन द्यायचं, कुणी वायफायचं, कुणी महिला वकिलांसाठी वेगळ्या खोलीचं. काका सगळं ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "तुमच्या घराच्या पूर्वेला काय हाय?" बहुतेक जण तिथेच गडबडत. एक तरुण उमेदवार मात्र डोकं खाजवत म्हणाला, "पार्किंग, काका. आमच्या बी विंगचं." सगळे हसले. काकांनी त्यालाच मत दिलं. "निदान त्याला ठावं तरी हाय," ते म्हणाले. तो निवडून आला, असोसिएशनचा सेक्रेटरी झाला आणि त्याने झपाट्याने सगळं नवं करायला घेतलं.

ऑनलाइन सुनावणीचा दिवस मला आठवतो. मी फोन माठाला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर न्यायाधीश दिसत होते. काका नेहमीप्रमाणे उभे राहिले आणि चतुःसीमा वाचू लागले. पूर्वेपर्यंत ठीक होतं. मग ते वळता वळता बाजूला सरकले आणि पडद्यावर नुसती भिंत राहिली. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "वकीलसाहेब, आपण कुठे आहात?" भिंतीमागून आल्यासारखा आवाज आला, "पश्चिमेस आहे, साहेब."

नवी बार रूम नव्या इमारतीत झाली. ती खरोखर चांगली आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. महिलांसाठी खोली आहे, स्कॅनर आहे, दावे ऑनलाइन दाखल करायला दोन संगणक आहेत. जुन्या बार रूममध्ये मला पाणी प्यायलाही संकोच वाटायचा, कारण मग बाथरूमला कुठे जायचं हा प्रश्न असायचा. पण नव्या खोलीत एसी बसवलाय, म्हणून खिडक्या नाहीत. दार आहे, ते एका लांबच लांब बोळात उघडतं. सेक्रेटरींनी मोठ्या आदराने काकांचं टेबल दाराजवळच मांडलं होतं. काका पहिल्या दिवशी बसले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "हितं सकाळच हुत न्हाई."

त्याच महिन्यात तुंगार्ली गावाच्या वरच्या अंगाच्या एक मावशी आल्या. त्यांची थोडी भातशेती, तळ्याकडच्या उतारावर. शेतात जायची पायवाट एका बंगल्याच्या कडेने जाते. बंगला नुकताच विकला गेला होता आणि नव्या मालकांनी त्या वाटेवर लोखंडी गेट लावून कुलूप घातलं होतं. आत मावशींचं इंद्रायणी जातीचं भात पिकून उभं होतं. "आठ दिसांत कापलं न्हाई तर समदं झडून जाईल, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "आन कापून तरी काय, आनू कुटनं?"

काका गुडघा धरत ती सगळी जमीन चालून आले. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये मी संगणकापुढे बसले आणि ते मजकूर सांगायला उभे राहिले. त्यांची पद्धत मला आता ठाऊक होती. डोळे मिटायचे, आपण त्या जमिनीवर उभे आहोत असं समजायचं, हात लांब करायचा. त्यांनी डोळे मिटले, हात लांब केला आणि म्हणाले, "ह्या अंगाला रस्ता." मग डोळे उघडून दाराकडे पाहिलं. दार हाताच्या बरोबर उलट बाजूला होतं. "दार पूर्वेला. म्हंजी ही पश्चिम. लिही, पश्चिमेस वहिवाटीचा रस्ता." चारही दिशा त्यांनी अशाच सांगितल्या.

माझ्या समोर मावशींचं जुनं खरेदीखत उघडं होतं. त्यात लिहिलं होतं, पूर्वेस रस्ता. मी ते दोनदा वाचलं. विचारावं असं वाटलं. पण चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला मी काय विचारणार? जुन्या कागदातच चूक असेल, काका तर काल स्वतः चालून आलेत, असं मी स्वतःला समजावलं आणि दावा दाखल करायचं बटण दाबलं.

सुनावणीला समोर पुण्याचे एक तरुण वकील होते, हातात टॅब. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, वादी म्हणतात रस्ता शेताच्या पश्चिमेला आहे. पश्चिमेला तळं आहे. वादी शेतावर पोहत जातात का, एवढंच मला विचारायचंय." कोर्टात हशा पिकला. मी काकांकडे पाहिलं. काकांनी हळूच कोर्टाच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हाकडे पाहिलं, मग बोळाच्या टोकाला असलेल्या बार रूमच्या दाराकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं समजलंय. नव्या खोलीचं दार पश्चिमेला होतं. त्यांचा हात बरोबर होता. चाळीस वर्षांच्या सवयीने दार चुकलं होतं.

"चूक माझी आहे, साहेब," ते म्हणाले. "पक्षकाराची नाही."

न्यायाधीशांनी दुरुस्तीला परवानगी दिली आणि दोन दिवसांनी जागेची पाहणी करून अहवाल द्यायला एका वकिलांना कोर्ट कमिशनर नेमलं. बाहेर मावशी पदराचं टोक चावत उभ्या होत्या. हसण्याचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता. "वकीलसाहेब, माझा रस्ता हाय न्हवं जाग्यावर?"

"रस्ता जाग्यावर हाय, मावशे," काका म्हणाले. "मीच हाललो."

मला राहवलं नाही. चिंचेखाली मी त्यांना खरेदीखताचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुतळीचा गुंडा सोडत आणि गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुला दिसलं व्हतं?"

"हो काका."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही... मी कशी बोलणार तुम्हाला?"

"त्या मावशीचं भात झडलं असतं, कॉलेज, तर ते तुझ्या न् माझ्या लाजंपायी झडलं असतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. चिक्की काढून त्यांनी अर्धी मला दिली.

पाहणीच्या दिवशी मालक मुंबईहून आले होते, पांढरे बूट घालून. कमिशनर मोजपट्टी आणि वही काढत होते, तोवर काकांनी डोळे मिटले, हात लांब केला आणि म्हणाले, "ह्या अंगाला रस्ता." डोळे उघडले. हातासमोर गेट होतं आणि गेटमागे वर आलेला सूर्य. मग काका मालकांना म्हणाले, "साहेब, बंगल्याभोवती येक फेरी माराल का मावशींच्या संगट? लय न्हाई, येकच."

मालक आढेवेढे घेत निघाले. मावशी पुढे, पायवाटेवरचे गुळगुळीत झालेले दगड दाखवत. हा माझ्या सासूनं बसवला, हितं पाय सरतो, हितं भारा टेकायचा. अर्ध्या वाटेत मालकांनी स्वतःच सांगितलं की कुलूप मावशींसाठी नव्हतंच. शनिवार-रविवारी तळ्यावर दारू प्यायला येणारी पोरं तिकडून घुसतात, बाटल्या फोडतात. मावशी थांबल्या. "आवो, मग कुलूप ऱ्हाऊ द्या की. माझ्या बी शेतात बाटल्या येत्यात. मला येक किल्ली द्या."

एवढंच. तडजोड लिहून कोर्टात नोंदवली आणि चार दिवसांनी भात त्या गेटमधून बाहेर आलं. पुण्याचे वकील निघताना म्हणाले, "काका, आधीच चाललो असतो तर केसच झाली नसती."

"म्हनूनच माझ्याकडं केसेस न्हाईत," काका म्हणाले.

पण त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. गुडघ्याचं कारण सांगत. एका सोमवारी आम्ही आलो तर त्यांच्या टेबलाशेजारच्या फरशीवर लाल टेपचा एक बाण चिकटवलेला, आणि त्यापुढे अक्षर: पूर्व. सेक्रेटरी मान खाली घालून फाईल वाचत होते, जणू त्यांना काही माहीतच नाही. काका बाणाजवळ उभे राहिले, डोळे मिटले, हात लांब केला, डोळे उघडले. "दोन बोटं चुकलाय," ते म्हणाले. मग सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पर चांगला हाय." त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बसले. त्यानंतर ते आले नाहीत.

बाण अजून आहे. नवीन पक्षकारांना वाटतं रांग तिथून लागते, आणि ते त्याच्यावर ओळीने उभे राहतात. दोन बोटं तो अजून चुकलेलाच आहे. सरळ करायचं कुणी मनावर घेत नाही. काका येऊन करतील असं आम्हा सगळ्यांना वाटतं बहुतेक.

जमिनीचा कागद आला की मी त्यांना फोन लावते. आता मी विचारते, शंका असली तरी आणि नसली तरी. मी बाणावर उभी राहून वाचते, "पूर्वेस ओढा," आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. "दक्षिणेस..." पुन्हा खुर्ची सरकते. चौथ्या दिशेनंतर खुर्ची परत जागेवर येते. मग गुडघ्यावर हात टेकून बसताना निघतो तसा एक हुंकार, आणि काका म्हणतात, "व्हय, कॉलेज. बराबर हाय."