व्याह्यांचा आगबोटीवरचा आजा

समुद्र एकदाही न पाहता समुद्रावर इतका हक्क सांगणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. दुसरा कोणी असता तर मी दार लावून घेतलं असतं. पण मुलीच्या बापाने व्याह्यांना 'आज जरा काम आहे' असं म्हणायची पद्धत आपल्यात नाही. त्यामुळे गेली तीन वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी हे गृहस्थ परंड्याहून एसट्या बदलत जळकोटला येतात, चहाआधी पिशवीतून कागद काढतात आणि "वाचा, पाव्हणं" म्हणून माझ्यापुढे ठेवतात. मी हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं ते याच कागदांसाठी, असं त्यांचं ठाम मत आहे.

कागद म्हणजे नव्वदएक वर्षांपूर्वीच्या आगबोटींवरच्या माणसांच्या याद्या. व्याह्यांचे वडील पोटात असताना त्यांचा आजा शेळ्या घेऊन बार्शीच्या बाजाराला गेला तो परत आलाच नाही. पुढे कोणा गाववाल्याने त्याला मुंबईच्या गोदीत पाहिलं, बोटीवर लागलोय म्हणाला, एवढाच काय तो निरोप. मेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून पितरपाठात त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला, सगळ्या बिनतारखेच्या पितरांच्या गर्दीत. व्याह्यांना हेच सलत होतं. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. "म्या जलमभर स्टँडवर बसून हरेक गाडीची आली-गेली येळ लिवली," ते मला म्हणाले, "आन् सख्ख्या आज्याची येळ न्हाय माझ्यापाशी? त्येला सोताची तिथी पायजे, पाव्हणं." बोलताना त्यांचा आवाज अजून भोंग्यावरून आल्यासारखा येतो. पण त्या दिवशी तो जरा बसला होता.

विलायतेतल्या कुठल्याशा दप्तरखान्याने या याद्या इंटरनेटवर टाकल्याचा शोध आमच्या जावयाने लावला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभर बापलेकांनी आडनावाने शोधलं. एक नाव सापडेल तर शपथ! शेवटी भाकरी थापता थापता विहीणबाई म्हणाल्या, "तवा आडनाव कोन इचारत हुतं? कुनाचा आन् कुठला, येवढंच इचारत्यात." मग बापाच्या नावाने आणि गावाच्या नावाने शोधलं, तर आठ दिवसांत आजा हजर. वय एकतीस. गाव परंडा, मुलूख निजामाचा. काम आगवाला, म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा. यावर व्याह्यांनी छाती फुगवून सांगितलं की परंड्याच्या उन्हाळ्यात तयार झालेल्या माणसाला भट्टीचं काय कौतुक!

तेव्हापासून त्यांच्या घराची बोट झाली. दिवाणखान्यात जगाचा नकाशा लागला. आजा चढला तिथं लाल टिकली, उतरला तिथं हिरवी. टिकल्या अर्थातच विहीणबाईंच्या. "माझ्या कपाळाला एक न्हाय, आन् लंडनला तीन चिकटवल्यात," असं त्या मला सांगत होत्या आणि मी व्याह्यांसमोर हसू नये म्हणून पाणी पीत होतो. व्याह्यांची चालही बदलली. फेंगड्या पायांनी, डुलत चालायला लागले, खलाशी असेच चालतात म्हणून. एकदा सीना-कोळेगाव धरणावर कोणा मासेमाऱ्याच्या होडीत बसून आले. काठापासून पन्नास हात गेले असतील नसतील, दुपारचं जेवण धरणाला अर्पण केलं. यावरही त्यांचं म्हणणं असं की आज्यालाही पहिल्या खेपेला असंच झालं असणार, ही तर रक्ताची खूण!

प्रत्येक यादीत शेवटी एक रकाना असे: माणूस बोटीवरून कधी, कुठं आणि का गेला. व्याह्यांना हवी ती तिथी मिळाली तर त्याच रकान्यात मिळणार होती. पहिल्या यादीत मी वाचलं, "मुंबईला उतरला. वर्तणूक अतिउत्तम." वर्तणुकीचा तो शेरा त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावला आणि भावकीत कुंथलगिरीचे पेढे वाटले. दुसऱ्या यादीतही उतरला, तिसऱ्यातही. मी म्हटलं, अहो, तिथी काही मिळेना. तर ते एकदम म्हणाले, "मिळंल की. घाई काय हाय?" चौथ्या कागदाच्या वेळी ते वाटेत तुळजापूरला उतरून देवीचं दर्शन घेऊन आले. पाचव्याच्या वेळी विचारू लागले की त्या बाजूला लाटा लई असत्यात का. मी सांगितलं, लाटा येऊन गेल्याला नव्वद वर्षं झाली.

"झाली असतील," ते म्हणाले. "पर कागदात त्येचं वय बघा. माझ्या पोरापरीस ल्हान हाय ओ त्यो."



सातवा कागद गेल्या भाद्रपदात आला. मी चष्मा लावला तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पाव्हणं, उतरला असंल तरच सांगा." मी रकाना वाचला. न्यूमोनियाने मृत्यू, भर समुद्रात, आणि पुढे तारीख. इतकं स्वच्छ अक्षर तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "शाई पुसलीय. काही लागत नाही."

"व्हय, जुना कागद," ते घाईने म्हणाले. "आन् तुमी चष्मा बदला." चहा अर्धा ठेवून ते परतीच्या गाडीला गेले. सगळे कागद फायलीला लावणारा माणूस, पण तो कागद माझ्या टेबलावरच राहिला. नंतर त्यांनी तो कधी मागितला नाही.

ते अजून येतात. नव्या याद्या आणतात, पुढची बोट कंची असंल म्हणून माझ्याशी वाद घालतात, आणि मीही घालतो. आज्याचं पान परंड्यात अमावस्येलाच असतं. मी मात्र गावातल्या जोशीबुवांकडून त्या तारखेची तिथी काढून घेतली. सप्तमी निघाली. यंदा पितरपाठातल्या सप्तमीला मी हिला म्हटलं, आज एक पान जास्तीचं वाढ, आणि सगळी हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. लेकीच्या सासऱ्याचा आजा, त्याला आपण कोण वाढणार?

ही म्हणाली, "बार्शीच्या बाजाराला जातो म्हणून उपाशीच निघाला असंल ओ त्यो." आणि तिनं खिरीची वाटी काठोकाठ भरली.