नॉर्मन चुकीच्या रांगेत

आमच्या नॉर्मन थ्रेलफॉलइतका भिडस्त माणूस अख्ख्या लँकेशायरमध्ये सापडायचा नाही. कुणी याच्या पायावर पाय दिला तरी 'माफ करा' हाच म्हणणार. माझ्याशी लग्नाला हो म्हणाला तोही भिडेपोटीच, असा माझा संशय आहे. असा माणूस वर्षानुवर्षं सगळं गिळतो आणि एक दिवस शेजाऱ्याच्या बागेतल्या खोपटात मोटार घालतो. कोर्टाने तुरुंगवास सुनावला, पण स्थगित ठेवला. दर शनिवारी चर्चच्या स्मशानात फुकट गवत उपटायचं, चुकलास तर आत.

एका शनिवारी दाढ दुखली म्हणून तो दवाखान्यात गेला, पण डॉक्टरकडे चिठ्ठी मागायला लाजला. झालं, प्रोबेशनवाल्या बाईंची ताकीद आली.

"आता एक जरी दांडी मारलीस ना, तर थेट कोर्ट!" मी बजावलं. "आणि तुरुंगात भेटायला मी येणार नाही हं." आले असते, तो भाग वेगळा.

पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलसमोर रांग होती. हजेरीची समजून हा उभा राहिला. ती निघाली जुन्यापान्या कपड्यांच्या विक्रीची. पण तोवर मागे माणसं लागली होती, मग निघणार कसा? दारात एका बाईने विचारलं, "मदतीला आलात ना?" आणि गळ्यात एप्रन अडकवला. दिवसभर त्याने चहा वाटला. भिंतीपलीकडे स्मशानात मुकादम डंकर्लींनी त्याची गैरहजेरी मांडली. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडे ती तुरुंगाची सासू निघाली.

प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं.

"रांग सोडली का नाहीत?" मॅजिस्ट्रेट ऑर्मरॉड बाईंनी विचारलं.

"मागे लोक होते, बाई. वाईट दिसलं असतं."

बाईंनी नकळत मान डोलावली. मग डंकर्लींना विचारलं, "तुम्ही यांना त्या दिवशी पाहिलंच नाही?"

"पाहिलं की. दोनदा चहा दिला यांनी मला."

"मग कामावर बोलावलं का नाही?"

डंकर्ली लाल झाले. "ते कामात होते हो. मधेच कसं बोलावणार?"

बाई आणि त्यांच्या शेजारी बसलेले दोघे, असे तिघे मॅजिस्ट्रेट विचार करायला उठले आणि 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत दारातच अडकले. इकडे माझा जीव टांगणीला!

परत येऊन बाई म्हणाल्या, "आदेश मोडलाय, यात शंका नाही. पण यासाठी माणसाला तुरुंगात घालणं अन्याय होईल. शिक्षा स्थगितच राहील, गवताचे तास मात्र वाढतील. चहा त्यात धरणार नाही."

नॉर्मनने आधी माफी मागितली, मग आभार मानले. मी तिथेच रडले.

डोळे पुसत बाहेर आले तर हा पायऱ्यांवर एका रांगेत उभा. कोर्टात आत जाणाऱ्यांच्या!

"अरे, आत्ताच सुटलायस ना? चल घरी!"

"हळू बोल," तो पुटपुटला. "मागे लोक आहेत."

मी वळून पाहिलं. खरंच होते. मग त्याचा हात घट्ट धरून मीही उभी राहिले.