पॅड पुढे आणणारे सर

आमच्या अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, बॉक्सिंगच्या सरांना राजाजीनगरात जेवढा मान होता, त्यातला निम्मा त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीचा आणि उरलेला त्यांच्या घशाचा. बाकी माणूस पोकळ. हे मी आज म्हणत नाही. नव्वदीच्या दशकात कॉलेजात होते तेव्हाच म्हणत होते आणि घरातल्या सगळ्यांची बोलणी खात होते.

सर शिकवायचे एका शाळेमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. संध्याकाळी टायपिंगचा क्लास सुटला की मी तिथे जाऊन बसायचे, कारण घरी अण्णाच्या सायकलवरून जायचं असायचं. त्यामुळे त्यांचा तमाशा मी रोज फुकट पाहिला आहे. दोन्ही हातांत चामड्याची जाड पॅडं चढवायची, अण्णाला समोर घ्यायचं आणि सुरू. ठाप! ठाप! पत्रा दणाणायचा. "सुपर! सुपर!" सर ओरडायचे, आणि डोळा मात्र दारात जमलेल्या पालकांकडे. अय्यो, काय ती ऐट! दसऱ्यात आयुधपूजेला पोरं ग्लोव्हजना कुंकू लावून कोहळा फोडायची, तेव्हा हा गृहस्थ खुर्ची ओढून त्या ग्लोव्हजच्या शेजारीच बसायचा, म्हणजे फुलं आपल्यावरही वाहा, हे वेगळं सांगायला नको.

अण्णाचं मात्र सगळं या माणसावर टांगलेलं होतं. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, चिकपेटेत शिंप्याचं दुकान. या कानडी मुलखात येऊन पिढ्या गेल्या, तरी आमच्या लोकांनी सुई सोडली नव्हती. अप्पांनी बजावलं होतं, या वर्षी राज्याच्या संघात निवड झाली तर खुशाल मारामाऱ्या कर. नाही झाली तर मशीनवर बसायचं, पुन्हा त्या हॉलचं नाव काढायचं नाही. अण्णा "सरी अप्पा" म्हणून कबूल झाला. निवडीची लढत उन्हाळ्यात होती.

मग तो घरीही सराव करायला लागला. अप्पांच्या नकळत दुकानातल्या चिंध्या भरून मी दोन छोट्या उशा शिवल्या, हातांना बांधल्या आणि गच्चीवर उभी राहिले. अण्णाने ठोसा मारला. पोचलाच नाही. पुन्हा मारला, तोही उशीच्या अलीकडेच संपला.

"अगं, नीट धर की!" तो खेकसला.

"नीटच धरलंय. तू लांब उभा आहेस."

"सरांकडे बरोबर बसतात. तुलाच धरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी आवाज ऐकत बसले नाही, सरांची कोपरं पाहिली. अण्णाचा ठोसा निघाला की सर पॅड पुढे आणायचे. प्रत्येक वेळी! ठोसा पॅडवर बसतच नव्हता, पॅडच येऊन ठोशावर आपटत होतं. म्हणून तर एवढा दणदणाट. अर्ध्या वाटेत हात थांबवायची सवय लावून ठेवली होती या शहाण्याने माझ्या भावाला, आणि भावाला वाटत होतं आपण तयार झालो. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठून सरळ त्यांच्यासमोर गेले.

"सर, तुम्ही पॅड पुढे आणता. तिथे समोरचा काय तोंड पुढे आणणार आहे?"

पोरं हसली. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "अम्मा, स्वल्प कॉफी सांगून ये," म्हणाले. रागारागाने पेडल मारत अण्णाने सायकल घरी आणली. घराशी उतरल्यावर म्हणाला, "पुन्हा सरांचा अपमान केलास तर बघ."

मला विचाराल तर चांगला प्रशिक्षक तो, जो तुमचा ठोसा हुकू देतो आणि का हुकला ते सांगतो. पण तशा माणसाच्या हॉलमध्ये आवाज होत नाही, आणि आवाज नसला की दारात पालक थांबत नाहीत. ओरडायला काय, भाजीवालाही ओरडतो. तो निदान भाजी तरी देतो!

लढतीला अण्णासमोर हुबळीकडचा एक डावखुरा पोरगा होता. अण्णाने पहिला ठोसा टाकला. वीतभर कमी. पुढचाही तसाच. तो पोरगा जरासा मागे सरायचा आणि अण्णाचा हात परत जाता जाता त्याच्या तोंडावर द्यायचा. कोपऱ्यातून आमच्या सरांचं "सुपर! सुपर!" चालूच. विश्रांतीत त्या पोराचा प्रशिक्षक त्याच्या कानाशी काहीतरी बोलला, पाणी दिलं, बाजूला झाला. आमच्या सरांनी अण्णाच्या गालावर चापट मारली, "मार! मार!" म्हणाले आणि प्रेक्षकांकडे वळले. किती पुढे जायचं, पाय कुठे टाकायचा, काही नाही. शेवटच्या फेरीत अण्णाचं नाक फुटलं. पंचांनी त्या पोराचा हात वर केला.

कपडे बदलायच्या खोलीत अण्णा नाकात कापूस घालून बाकावर बसला होता. उद्यापासून मशीन, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. आज या माणसाला सगळ्यांदेखत झाडायचंच, असं ठरवून मी दाराशी उभी होते. सर आले. "सांगितलेलं ऐकलं नाहीस," एवढंच म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा उठला, वाकला आणि त्याने त्यांचे पाय धरले.

"सर, माझं चुकलं," तो रडत म्हणाला. "तुमचं नाव घालवलं मी."

आणि त्या नालायकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला माफ केलं.